कुंपणाबाहेरून पाहिलेली पानं

इंद्रभान कामरगावहून निघाला तेव्हा थंडीनं बोटं आखडली होती, आणि तांड्याजवळच्या नाल्यापाशी पोचला तेव्हा कपाळावर घाम होता. रस्ता सपाट, अंतर जेमतेम दोन कोसांचं. घाम सायकलीचा नव्हता. आज भाऊसिंगची संत्र्याची बाग तोडायची होती, आणि तोडताना हजर राहून तसा कागद करायचं काम इंद्रभानच्या गळ्यात आलं होतं.

गळ्यात आलं म्हणणंही तसं खोटंच. बाग तुटत होती ती त्याच्याच शब्दावरून.

बाग मोठी नव्हती. एकशे वीस झाडं. भाऊसिंगच्या बापानं, रूपलानं, ती लावली आणि बहात्तरच्या दुष्काळात जगवली. त्या उन्हाळ्यात सगळा तांडा सरकारी कामावर खडी फोडत होता. रूपला आणि त्याची बायको नानीबाई उजाडायच्या आत नाल्यातल्या झिऱ्यावरून कावडीनं पाणी आणत, झाडाला तांब्याभर, दोन तांबे घालत आणि मग खडीवर जात. दुष्काळ सरला, झाडं राहिली, रूपला मात्र त्यापुढचा पावसाळा पाहू शकला नाही. तेव्हापासून नानीबाई रोज सकाळी परातीत ज्वारीचं पीठ आणि चिमूटभर गूळ घेऊन बागेत जायची आणि झाडांच्या बुडाशी मुंग्यांना घालायची. गेलेल्या माणसाच्या नावानं कुणी काय करावं हे दुसऱ्यानं सांगू नये. तिला तेवढ्यानं बरं वाटत होतं.

यंदा श्रावणात झाडं काळी पडू लागली. आधी पानं, मग फळं. बोट लावावं तर काजळी बोटाला यायची आणि खाली चिकट लागायचं. भाऊसिंग घाबरून कामरगावला आला, आणि शेतीखात्याचा नवा सहायक म्हणून इंद्रभान पाहायला गेला. नोकरीला त्याला वर्षही झालं नव्हतं, नेमणूक हंगामी होती. त्यानं पानं पाहिली आणि सांगितलं, कोळशी.

त्या भागात हा शब्द ऐकला की बागाईतदार आधी आपल्या झाडांकडं धावतो. काळी माशी पानाच्या खालच्या अंगाला बसते, रस पिते, गोड चिकट पाणी टाकते, त्या पाण्यावर काळी बुरशी चढते आणि झाड गुदमरून मरतं. पुन्हा माशीला पंख. आज या बागेत, उद्या त्या. इंद्रभाननं फवारणी लिहून दिली. उग्र वासाच्या विषारी औषधाचे दोन हात मारले. झाडं सुधारायची सोडून आणखी काळी झाली.

मग शेजारचा पुंजाजी पाटील उठला. त्याची चारशे झाडं भाऊसिंगच्या कुंपणाला लागूनच. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. त्यानं गावाच्या पारावर चार लोक जमवले आणि सगळ्यांदेखत इंद्रभानला तीन गोष्टी विचारल्या. कोळशीच हाय ना? उडते ना? औषधाले दाद देऊन राह्यली का? इंद्रभाननं हो, हो आणि नाही अशी उत्तरं दिली. भाऊसिंग खाली मान घालून ऐकत होता. बाग तोडायची, जागच्या जागी जाळायची, पुढच्या साली पुंजाजीनं आपल्याकडची सव्वाशे कलमं भाऊसिंगला द्यायची असं ठरलं. कारंज्याच्या साहेबांनी इंद्रभानच्या टिपणावर सही केली. सगळं रीतसर झालं होतं.

फाटकापाशी येऊन इंद्रभान सायकलवरून उतरला. फाटक म्हणजे बाभळीच्या काट्यांची एक मोठी फांदी, दोरीनं अडकवलेली. तो नेहमीच्या जागी उभा राहिला.

ही नेहमीची जागा कशी झाली ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा आला त्या सकाळी नानीबाई आत मुंग्यांना पीठ घालत होती. तिनं वर पाहिलं, त्याला ओळखलं. ओळखणारच. त्याचा बाप ग्यानबा, छपन्न सालाच्या आधी, गावाचा सांगावा घेऊन दारोदार फिरायचा, आणि प्रत्येक दारापासून दहा पावलांवर, मुंडासं काखेत धरून उभा राहायचा. इंद्रभान तेव्हा पाच वर्षांचा होता, पण बापाची ती उभं राहायची तऱ्हा त्याच्या डोळ्यांतून गेली नव्हती. पुढं बाबासाहेबांच्या मागं सगळे बौद्ध झाले, ग्यानबानं सांगावे सोडले, पोराला शिकवलं. आणि त्या सकाळी तो शिकलेला पोरगा, पँटीच्या खिशात सरकारी पेन, फाटकापाशी उभा राहून एका म्हातारीच्या 'ये' म्हणण्याची वाट पाहत होता. ती 'ये' म्हणाली नाही, 'येऊ नको'ही म्हणाली नाही. नुसती पाहत राहिली.

आपण आत पाय टाकावा आणि तिनं परात उचलून बाजूला व्हावं, हे त्याला सोसलं नसतं. म्हणून त्यानं साहेबी आवाज काढला होता. "भाऊसिंगदादा, आत यायची गरज नाई. पानं घेऊन या, इथंच पाह्यतो." भाऊसिंगनं दुरडीभर पानं आणून फाटकाच्या अलीकडं ठेवली. काळ्यातली काळी निवडून आणलेली. इंद्रभाननं ती उलटीपालटी केली, काळे ठिपके दिसले, आणि त्याचं निदान झालं. पुढच्या दोन खेपांनाही तसंच. लोक म्हणाले, पोरगा नवा आहे, पण रुबाब आहे.

"या सायेब," पुंजाजी आतून म्हणाला. तो आपल्या दोन गड्यांना घेऊन आधीच आला होता. गड्यांजवळ जाळायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे भारे होते. "तुमचीच वाट पाहून राह्यलो. कागद आनला?"

"आनला."

"मंग होऊ द्या सुरू. ऊन चढलं की माशी उडन."

भाऊसिंग कुऱ्हाडीला दगड लावत बसला होता. पुंजाजीचे गडी उठले तसा तो म्हणाला, "कोनी हात लावू नका. माही झाडं मीच पाडतो." आवाज मोठा नव्हता, पण गडी परत खाली बसले.

नानीबाई परात घेऊन झाडांच्या ओळीतून चालली होती. आजसुद्धा. एकेका झाडाशी वाकायची, मूठ सोडायची, पुढं जायची. घागऱ्याला पीठ लागलं होतं. भाऊसिंग कुऱ्हाड घेऊन पहिल्या झाडाशी गेला तेव्हा ती तिथंच वाकलेली होती.

"याडी, सर बाजूले," भाऊसिंग म्हणाला. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. घरी तो तिच्याशी त्यांच्या बोलीत बोलायचा, पण आज चार लोकांत होता.

"सरते ना. मुंग्यांले सांगून घेऊ दे. आजपासून त्याईचं घर नाई राह्यत."

ती पुढच्या झाडाकडं गेली आणि भाऊसिंगनं पहिला घाव घातला.

झाडावर घाव बसला की आवाज दोनदा येतो, एकदा कुऱ्हाडीचा आणि एकदा थरथरणाऱ्या पानांचा. इंद्रभाननं कागद हँडलावर पसरला, तारीख लिहिली, वेळ लिहिली. पेन चालत नव्हतं म्हणून झटकलं. तेवढ्यात भाऊसिंग ओरडला, "सरका!" आणि झाड कललं. आत पडायचं ते कुंपणावर पडलं. शेंडा फाटकावरून बाहेर आला आणि एक फांदी थेट इंद्रभानच्या सायकलीच्या चाकापाशी आपटली.

तो मागं सरला. मग सायकल मोकळी करायला वाकला, फांदी हातात धरली, आणि धरल्या जागी अंगठ्याखाली काहीतरी खडबडीत लागलं.

फांदीवर पुटकुळ्या होत्या. तपकिरी, गुळगुळीत, अर्ध्या मसुराएवढ्या. एक नाही, दोन नाही, कोवळ्या फांदीच्या खालच्या अंगाला दाटीवाटीनं, एकीला खेटून एक. सालीच्या रंगात रंग मिसळलेला. दहा हातांवरून पाहिलं तर फांदीची साल जरा खरबरीत आहे एवढंच वाटलं असतं. मुंग्या मात्र त्यांच्यावर अजून धावत होत्या. झाड पडलं होतं, जग उलटं झालं होतं, आणि त्या मुंग्या एकेका पुटकुळीपाशी थांबून तिला मिशांनी चाचपत होत्या.

सायकल सोडवायचं इंद्रभान विसरला.

त्यानं अंगठ्याचं नख एका पुटकुळीच्या कडेला घातलं आणि हळूच उचकटलं. अख्खी निघाली. खालची साल शाबूत. पुटकुळी उलटी करून पाहिली तर आत वाटीसारखा खळगा आणि त्यात फिकट गुलाबी पिठासारखी भुकटी. अंडी. दुसरी उचकटली, तिसरी उचकटली. अकोल्याला शिकताना सरांनी दहा वेळा सांगितलं होतं, नखानं उचला. नुसतं कवच निघालं आणि किडा खाली चिकटून राहिला तर ती कडक खवल्याची कीड, ती गोड पाणी टाकत नाही. कवच आणि अंग एकच असून अख्खं निघालं, तर ती मऊ खवल्याची. ती गोड पाणी टाकते, त्यावर काजळी धरते, आणि लांबून पाहणाऱ्याला कोळशी वाटते. लांबून पाहणाऱ्याला. सरांचे शब्दसुद्धा हेच होते.

त्यानं घाईघाईनं त्याच फांदीची पानं उलटी केली. पाच, दहा, वीस. कोळशीची माशी असेल तर पानाखाली तिची काळी, चकचकीत, पांढऱ्या झालरीची पिल्लं चिकटलेली हवीत. एकही नव्हतं. त्याला श्रावणात जे ठिपके दिसले होते ते काजळीचे कण होते. नखानं ओढले की पुसले जात होते.

आत कुऱ्हाड पुन्हा चालू झाली. दुसरं झाड.

आता खरं तर त्यानं तिथल्या तिथं ओरडायला हवं होतं. ओरडला नाही. हे लपवण्यात अर्थ नाही, त्यानं स्वतःही पुढं कधी लपवलं नाही. तो फांदी हातात धरून उभा राहिला आणि त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. हे कुणाला कळलंय? कुणालाच नाही. दुपारपर्यंत सगळं पेटेल, राखेत कोळशी होती की आणखी काय होतं ते कुणी विचारणार नाही. पुंजाजी खूश, साहेब खूश. भाऊसिंगला कलमं मिळतीलच. आणि बोललो तर? तीन टिपणांवर आपल्या हातानं कोळशी लिहिलंय. साहेबांची त्यावर सही आहे. नेमणूक कायम करायचा कागद महिनाभरात निघायचा आहे. साहेब एवढंच म्हणतील, या लोकांना नोकऱ्या दिल्या की असं होतं. समोर म्हणणार नाहीत, पण म्हणतील. आणि कामरगावच्या घरी ओट्यावर बसून ग्यानबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो, "माह्या पोराची सही चालते बावा." दिवसातून एकदा तरी सांगतो.

दुसरं झाड पडलं. ते आत पडलं, मोकळ्या जागेत. भाऊसिंगनं कपाळ पुसलं आणि तिसऱ्याशी गेला.

इंद्रभाननं फांदी खाली टाकली आणि पुन्हा कागद पुढं ओढला. लिहावं. लिहून मोकळं व्हावं. पेन आता छान चालत होतं. 'कोळशीग्रस्त झाडे' इथवर त्यानं लिहिलं आणि नजर वर गेली. नानीबाई चार झाडं पुढं होती. ती पीठ टाकून सरकली की मुंग्यांची काळी रेघ बुडाशी यायची, पिठापाशी घोटाळायची, आणि तिथून खोडावर चढून फांद्यांत शिरायची. प्रत्येक झाडावर तीच रेघ. म्हातारी पुढं, कुऱ्हाड मागं. मधली झाडं एकेक करून कमी होणार होती आणि मुंग्यांना शेवटचं जेवण घालणाऱ्या त्या बाईला कुणी सांगणार नव्हतं, की हे सगळं एका माणसानं फाटकाच्या आत पाय टाकला नाही म्हणून झालं.

तिसरं झाड कडकडलं.

"थांबा!" इंद्रभान ओरडला.

कुणी ऐकलं नाही. झाड पडायच्या आवाजात ते विरून गेलं. भाऊसिंग चौथ्या झाडाकडं वळला होता, कुऱ्हाड वर गेली होती. इंद्रभाननं सायकल तशीच आडवी सोडली, काट्यांच्या फाटकाला हात घातला, तळव्यात काटे घुसले तरी ओढलं, आणि पडलेल्या शेंड्यावरून उडी मारून आत आला. पळत जाऊन त्यानं चौथ्या झाडाच्या खोडाला पाठ लावली. भाऊसिंगची कुऱ्हाड अर्ध्यावर थबकली, नाहीतर त्या दिवशी भलतंच झालं असतं.

"मरतं का बे!" भाऊसिंग किंचाळला.

"कोळशी नाई हे," इंद्रभान म्हणाला. धाप लागली होती. "दादा, कोळशी नाई. माही चूक झाली. झाड तोडू नका."

पुंजाजी तरातरा पुढं आला.

"काय म्हनून राह्यला तू? पारावर चार लोकाईत कोन बोललं कोळशी म्हनून? मी?"

"मीच बोललो."

"मंग आता कोनतं सपन पडलं तुले? अरे चारशे झाडं हायेत माही! ते माशी उडून माह्याकडे आली तं तुह्या बापाले मागू का मी?"

"माशी नाईच, पाटील. पंख नाईत हिले. पिल्लू असताना चार पावलं चालते, मंग एका जागी चिकटून जलमभर तिथंच. पाहा तं खरं."

त्यानं वाकून चौथ्या झाडाची फांदी खाली ओढली आणि पुटकुळ्या दाखवल्या. नखानं एक उचकटून पुंजाजीच्या तळहातावर उलटी ठेवली. मग खांद्यावरच्या दप्तरातून एक पुठ्ठा काढला. अकोल्याहून आणलेला, आजवर बाहेर न काढलेला, त्यावर कोळशीच्या झाडाचं सुकलेलं पान डकवलेलं होतं. पानाखाली काळी झालरवाली पिल्लं स्पष्ट दिसत होती. "हे कोळशीचं. आता या बागेतलं कोनतंबी पान तोडा. असं एक पिल्लू दाखवा मले. एक. दाखवलं तं मी सोता कुराड घेतो."

पुंजाजीनं खरंच पानं तोडली. गड्यांनीही तोडली. कुणी त्या झाडाचं, कुणी दूरच्या कोपऱ्यातल्या झाडाचं. उलटून पाहिली, पुठ्ठ्याशी धरून पाहिली, धोतराच्या सोग्यानं पुसून पाहिली. काजळी निघत होती आणि खाली हिरवं पान उरत होतं. पुंजाजी बराच वेळ झाडांतून फिरत राहिला. त्याच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

"नाई दिसून राह्यलं," शेवटी पुंजाजी म्हणाला. चारशे झाडांचं ओझं उतरल्याचं त्यानं लपवलं नाही, पण राग गेला नव्हता. "मंग दोन दोन खेपा औषध मारलं, त्याचं काय झालं?"

"त्यानंच वाढलं. लाल पाठीचे ठिपक्याचे किडे असतात, ते ह्या किडीले खातात. आपन औषध मारलं तं तेच मेले. अन् उरलेसुरले मुंग्या झाडावर येऊ देत नाईत. कीड गोड पानी टाकते, मुंग्यांले ते पाह्यजे. म्हनून मुंग्या तिची राखन करतात."

कुऱ्हाडीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून भाऊसिंग पडलेल्या झाडांकडं पाहत होता. आता त्यानं मान वळवली.

"तीन झाडं पाडली मी," तो म्हणाला. "माह्या हातानं. माह्या बापानं लावलेली."

"व्हय दादा."

"तुले कधी कळलं?"

इंद्रभानला खोटं बोलता आलं असतं. आता कळलं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. "पयलं झाड पडलं तवा," तो म्हणाला. "बाकीची दोन माह्या भेवानं गेली. नोकरीचं भेव वाटलं."

भाऊसिंगची बोटं दांड्यावर आवळली गेली आणि एक पाऊल तो पुढं आला. पुंजाजीच्या गड्यांपैकी एकजण पटकन मधे आला. इंद्रभान हलला नाही. मारलं तर मारू दे, असंच त्याला त्या घडीला वाटत होतं.

"पयल्या दिसापासून काहून नाई कळलं मंग?" भाऊसिंग ओरडला. "तीनदा आलता तू! तीनदा! डोळे नव्हते का तुले?"

"कीड फांदीवर हाय. मी पानं पाह्यली. फाटकाभाईर उभं राहून, तुमी दुरडीत आनून ठेवलेली. फांदी मी पाह्यलीच नाई. बागेत मी आलोच नाई कधी."

"काहून? कोनं अडवलं होतं तुले?"

पुंजाजी लगेच दुसरीकडं पाहू लागला. प्रश्न भाऊसिंगनं रागात विचारला होता, पण तोंडातून गेल्यावर त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याचा हात दांड्यावर सैल झाला. ग्यानबाचा पोरगा फाटकाबाहेर का उभा राहतो हे तिथं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"कोनी नाई अडवलं," इंद्रभान म्हणाला.

"मी होती तथी."

नानीबाई परात घेऊन केव्हा जवळ आली ते कुणाला कळलं नव्हतं. ती भाऊसिंगकडं बघत नव्हती, इंद्रभानकडं बघत होती.

"हा आलता त्या दिशी मीच होती आत. मले दिसून राह्यलं होतं, हा थांबला म्हनून. 'ये' हे तोंडात आलतं माह्या. अन् मी गिळलं. ग्यानबाचा पोरगा म्हनून गिळलं. कोनी सांगतलं नव्हतं मले. तीन झाडातलं एक माह्यावर टाक, भाऊसिंग."

भाऊसिंगनं कुऱ्हाड खाली ठेवली. तो पडलेल्या पहिल्या झाडाच्या बुंध्यावर जाऊन बसला आणि पालथ्या हातानं डोळे पुसले. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही.

पुंजाजी व्यवहारी माणूस. तो खाकरला आणि म्हणाला, "हे सारं ठीक हाय. पन उद्या काई झालं तं? लिहून देतं का तू?"

इंद्रभाननं फाटकाबाहेर पडलेला कागद आणला. 'कोळशीग्रस्त' यावर आडवी रेघ ओढली. खाली लिहिलं, झाडांवर मऊ खवल्याची कीड आहे, आधीची तिन्ही टिपणं चुकीची आहेत, कारण बागेत शिरून पाहणी केली नव्हती, चूक माझी आहे. तळव्यातल्या काट्यांच्या जागी रक्त आलं होतं, ते कागदाच्या कोपऱ्याला लागलं. त्यानं सही केली. कारंज्याला गेल्यावर ही सही चालेल की नाही, आणि चाललीच तर पुढं आपली दुसरी एखादी सही चालेल की नाही, ते त्याला माहीत नव्हतं. पुंजाजीनं कागद दोनदा वाचला, घडी घालून परत दिला, आणि गड्यांना पऱ्हाट्या उचलायला सांगितल्या.

मग काम सुरू झालं. जास्त भरलेल्या फांद्या छाटायच्या, कुंपणापलीकडं गेलेल्या तर सगळ्याच, आणि त्या जाळायच्या. साबण आणि घासलेट घुसळून, पाण्यात पातळ करून फांद्यांना मारायचं. आणि सगळ्यात आधी मुंग्या थांबवायच्या. इंद्रभाननं सांगितलं तसं भाऊसिंगनं बैलगाडीच्या आखाला लावायचं वंगण आणलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्यात भिजवल्या. पहिली चिंधी रूपलानं सगळ्यांत आधी लावलेल्या झाडाला बांधायची असं भाऊसिंग म्हणाला. तो खोडाच्या एका बाजूनं धरत होता, इंद्रभान दुसऱ्या बाजूनं गाठ मारत होता. भाऊसिंगचा राग एका सकाळीत जाणारा नव्हता आणि इंद्रभानला तो जावा असं वाटतही नव्हतं.

गाठ बसली. खोडावर चढणारी मुंग्यांची रेघ चिंधीपाशी येऊन थांबली. पुढच्या मागं वळल्या, मागच्या त्यांच्यावर आदळल्या, आणि सगळ्या खोडाभोवती गोल फिरायला लागल्या.

नानीबाई परात कमरेवर घेऊन ते पाहत होती. "मंग ह्याईनं आता कुठं खावं?" तिनं विचारलं.

पाच वर्षांचा तिचा नेम होता. "खाऊ द्या माय," तो म्हणाला. "पन झाडाच्या बुडाशी नको. कुंपनाभाईर घालत जा."

म्हातारी परातीतलं उरलेलं पीठ घेऊन हळूहळू फाटकापाशी गेली, बाहेर पडली, आणि आडव्या पडलेल्या सायकलीजवळ, इंद्रभान जिथं उभा राहायचा नेमक्या त्याच जागी, तिनं मुठीमुठीनं पीठ घातलं. रिकामी परात झटकून ती परत आली आणि त्याच्या रक्ताळलेल्या तळव्यांकडं पाहत राहिली.

"पाह्य ना बाप्पा," ती म्हणाली. "एवढे दिस मुंग्या आत होत्या, अन् तू भाईर."

तिनं परात बांधावर ठेवली, भाऊसिंगच्या हातातून पुढची चिंधी घेतली आणि इंद्रभानच्या हातात दिली. फाटक उघडंच राहिलं होतं.